आणखी एक गळती

“अजून एक दिवस लागेल, साहेब. कुठंतरी बारीक गळती आहे.”

दादांचा, वडिलांचा, हा आवाज थोरलीच्या कानात राहिला होता तो गाडीखालून येणारा. ती तेव्हा एवढीशी, तेलाच्या रिकाम्या डब्यावर पाय हलवत बसलेली. दादांचे फक्त बूट दिसायचे. गाडीचा मालक त्या बुटांकडे बघून मान डोलवायचा आणि आल्या पावली परत जायचा. मग दादा फळीवरून सरकत बाहेर यायचे, हात पुसायचे आणि तापल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा तळवा बॉनेटवर ठेवायचे.

“कुठे आहे गळती?” एकदा तिनं विचारलं होतं.

“नाहीये,” दादा म्हणाले होते. “पण इतक्यात जाऊ द्यावीशी वाटत नाही.”

गिऱ्हाइकांनाही ते ठाऊक होतं. आपली गाडी दादांच्या गॅरेजात एक दिवस जास्त राहिली की मालक आतून सुखावायचा. गाडी परीक्षेत पास झाली म्हणायचा. पण ही खोड गॅरेजाचा जिना चढून वर घरात कधी आली, ते कुणाला कळलं नाही. या घरात ‘मला हवं’ असं कुणी म्हणत नसे. जे हवं असेल त्यात खोट काढायची. शेवटचा घास आईला हवा असला की ती म्हणे, जरा खारटच झालंय, मीच संपवते. काकांना कुठे सोबत जायचं असलं की ते गाडीभोवती एक फेरी मारत आणि म्हणत, मागच्या चाकात हवा कमी दिसते, मी बरोबर असलेलं बरं. धाकट्यानं लग्नाचं सांगितलं तेही असंच. एक मुलगी आहे, पण हसते फार मोठ्यानं, असं तो पाण्याच्या पेल्याकडे बघत म्हणाला आणि सगळे समजून तयारीला लागले.

दादा जाऊन वर्ष झालं होतं. धाकटा गाडी न्यायला आला होता.

गाडी म्हणजे ती एकच. दोन माणसांची, लांब नाकाची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, साचलेल्या पाण्यासारखी गर्द हिरवी. रस्त्यावर धावणाऱ्या तिच्या बहिणी केव्हाच भंगारात गेल्या. दादांनी मात्र हिला भंगारातून उचलून आणलं आणि पुढचं निम्मं आयुष्य हिच्या पोटात डोकं घालून काढलं. आईनं तेव्हा भांडी घासता घासता दोन ओळी रचल्या होत्या आणि त्या मुद्दाम जिन्याच्या तोंडाशी उभी राहून म्हटल्या होत्या:

*लोखंडाची माझी सवत, तिचं पोट गं तापतं,*
*माझ्या धन्याचं गं मन, तिच्या चाकाशी झोपतं.*

आता त्याच सवतीच्या शेजारच्या सीटवर बसून आई धाकट्याकडे राहायला निघाली होती. आईच्या गुडघ्यांना आता जिना झेपत नव्हता, धाकट्याच्या घराला लिफ्ट होती. त्यावर कुणाचं दुमत नव्हतं. थोरलीचंही नव्हतं.

काल संध्याकाळी धाकट्यानं गाडी एकदा अंगणातून फिरवली आणि डोळे चोळत खाली उतरला होता. आत धूर येत होता. म्हणून आज उजाडताच थोरली गॅरेजात उतरली. गार इंजिन, गार हात. जुना व्हॅक्यूम क्लीनर उलटा जोडून तिनं सायलेन्सरच्या मागच्या तोंडातून हवा आत सोडली आणि ब्रशनं सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. जिथे बुडबुडे तिथे गळती, एवढं साधं. इंजिनाला चिकटून असलेल्या मॅनिफोल्डचं गॅस्केट, सांधा बंद ठेवणारी पातळ पट्टी, फुटलेलं होतं. तिथे फेसच फेस आला. खाली नळीच्या सांध्यावरही बुडबुडे होते. इंजिनातून जळालेली हवा बाहेर पडते ती आधी या ओतीव लोखंडाच्या मॅनिफोल्डमध्ये, मग नळीत, मग सायलेन्सरमधून मागे. वाटेत कुठेही फट असली की हवा आपला रस्ता सोडते. थोरलीनं गंजलेले नट तेल पाजून, समजूत घालून सोडवले, दोन्ही पृष्ठभाग घासून आरशासारखे केले, नवं गॅस्केट बसवलं, मधल्यापासून बाहेर असे नट आवळले, खालचा नळीचा सांधाही घट्ट केला. अर्धा दिवस गेला. वर घरात पावलांची ये-जा चालू होती. पेट्या ओढल्याचे आवाज, आई कुणाला तरी सांगतेय की ती शाल नको, टोचते. म्हणजे ती शाल हवी.

मग तिनं इंजिन सुरू केलं.

टिक. टिक. टिक.

बारीक, कोरडा आवाज. नखानं काच वाजवावी तसा. ती वाकली. आवाज मॅनिफोल्डच्या मागच्या, खालच्या कुशीतून येत होता, जिथे डोळा पोचत नाही, फक्त बोट पोचतं. तिनं बोट घातलं, चटका बसायच्या आत फिरवलं. खडबडीत रेघ लागली. काजळी लागली. सकाळी याच जागेच्या वर गॅस्केटमधून इतका फेस आला होता की खालची ही रेघ त्यात बुडून गेली होती. ऐकता ऐकता आवाज मंद झाला आणि मिटला. लोखंड तापलं, फुगलं, चिरेनं ओठ मिटून घेतले.

थोरलीनं इंजिन बंद केलं आणि ती सरळ उभी राहिली. आता हे वर जाऊन सांगायचं होतं.  काय सांगायचं ते सोपं होतं, आणि ते कसं ऐकलं जाईल तेही तिला आत्ताच ऐकू येत होतं.

“झाली का?” धाकटा दोन्ही हातांत दोन पिशव्या घेऊन जिना उतरला. दातांचा डॉक्टर तो. हात कायम धुतल्यासारखे. “आभाळ बघितलंस? घाट अंधाराच्या आत उतरायला हवा.”

“आज नेऊ नकोस.”

त्यानं पिशव्या खाली ठेवल्या नाहीत. “का?”

“मॅनिफोल्डला चीर आहे. आणखी एक गळती आहे.”

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. मग ओठांचा एक कोपरा हलला. “दादांची मुलगी शोभतेस.”

“चेष्टा नाही.”

“दादाही असेच म्हणायचे. अगदी याच तोंडानं.” त्यानं जिन्याकडे मान वळवून हाक मारली, “काका, खाली या. गाडीला आणखी एक दिवस लागणार म्हणे.”

काका शेजारच्याच खोल्यांत राहत. गाड्यांच्या सीटा आणि टप शिवण्यात त्यांचा जन्म गेला. या गाडीचा कापडी टपही त्यांच्याच सुईचा. ते आले, मागोमाग भावजय आईची औषधांची पिशवी छातीशी धरून आली, आणि सगळ्यात शेवटी, एकेक पायरी मोजत नव्हे तर एकेक पायरीशी भांडत, आई.

“दाखव बघू,” काका म्हणाले. “पोरगी उगाच बोलणार नाही.”

थोरलीनं इंजिन पुन्हा सुरू केलं. गाडी मांजरीसारखी गुरगुरली. गोल, भरीव, एकसारखा आवाज. कुठेही टिक नाही. तिनं रबरी नळीचं एक टोक चिरेपाशी धरलं, दुसरं काकांच्या कानाला लावलं. काकांनी डोळे मिटले.

“मला काही ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “पण मला तर तुझी काकू जेवायला बोलावते तेही ऐकू येत नाही.”

“येतं, पण जात नाही तुम्ही,” आई म्हणाली.

“आता तापली आहे ती,” थोरली इंजिन बंद करत म्हणाली. “गार असताना वाजते. तापलं की लोखंड फुगतं, चीर मिटते. पण घाटात चढणीला जोर लागला की पुन्हा उघडेल.”

धाकट्यानं पिशव्या अखेर खाली ठेवल्या. “म्हणजे गार असताना गळते. गरम असताना गळत नाही. आणि बघायला माणूस आला की मुळीच गळत नाही.”

“हे बघ काजळी.” तिनं बोट पुढे केलं.

“सकाळी गॅस्केट फुटलेलं होतं ना? मग काजळी असणारच.”

“तुझ्याकडे एखादा माणूस आला, दाढ आतून किडलेली आहे पण आज दुखत नाही. तू त्याला काय सांगतोस?”

“सांगतो, उपचार करून घ्या.”

“मग?”

“पण मी त्याला फोटो दाखवतो, ताई. तू काय दाखवतेस? बोट.”

काका हसले. हसू आवरायला त्यांनी टपाच्या शिवणीवरून हात फिरवला. पण थोरलीनं ते हसू बघितलं. तेवढ्यानंच काका तिच्या बाजूचे राहिले नव्हते.

“गार होऊ दे,” ती म्हणाली. “संध्याकाळी पुन्हा हवा भरू, साबण लावू. बुडबुडे तुझ्या डोळ्यांनी बघ.”

“संध्याकाळी म्हणजे आज नाहीच. उद्या दवाखान्यात माणसं येऊन बसणार. आणि उद्या गार झाली की तू म्हणशील, आता सायलेन्सर बघू.”

“नाही म्हणणार.”

“दादाही एकच दिवस म्हणायचे.”

 भावजय पुढे आली, वाकून इंजिनात बघू लागली, जणू तिथे काही लिहिलेलं असावं. “गळली तर नेमकं काय होतं, ताई?”

थोरलीला बरं वाटलं. कुणी तरी प्रश्न विचारला होता. “इथून हवा सुटते. हा इंजिनामागचा पत्रा आहे ना, याला स्टिअरिंगच्या दांड्यासाठी भोक आहे. त्यातलं रबर केव्हाच कुजलंय. तिथून ती हवा आत. टप चढवलेला, काचा बंद. धूर दिसेलच असं नाही. वासही येईलच असं नाही. नुसती झोप येते. आई तर गाडीत बसली की तशीही झोपते. तुला कळणारही नाही तिला कसली झोप लागली ते.”

 आई म्हणाली, “मी नाही झोपत गाडीत.”

“ते भोक बुजव मग,” धाकटा म्हणाला.

“रबर मिळायला दोन दिवस. चिंधी कोंबली आणि दांड्यात अडकली तर घाटात वळणार कसा तू?”

“टप उघडा ठेवतो.”

“बाहेर वारा बघ. आईचा खोकला बघ.”

“असं करू,” भावजय म्हणाली, “आई माझ्या गाडीत बसतील. मागे सगळं सामान, पुढे आम्ही दोघी.”

“तुझ्या गाडीच्या काचा फार काळ्या आहेत,” आई चटकन म्हणाली. “मला गुदमरल्यासारखं होतं.”

काकांनी थोरलीकडे बघून भुवया उचलल्या. आईला त्या बुटक्या हिरव्या गाडीतूनच जायचं होतं. सवत म्हणत म्हणत जिला जन्मभर खिजवलं, तिच्यातली सीट आईला आज सोडायची नव्हती. कळत होतं सगळ्यांना. कळणं हाच तर या घरातला रोग होता.

“आणि आई तिकडे बसली तरी,” थोरली म्हणाली, “हा तर इथेच बसणार ना? मग याचं काय?”

“माझी काळजी नको करूस.”

“करत नाही. गाडीची करतेय.”

हे बोलायचं नव्हतं. धाकट्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बंद झालं.

भावजयीनं औषधांची पिशवी आईच्या हातात दिली. ती दुसऱ्या घरातून आली होती. तिच्या माहेरी माणसं जेवताना एकमेकांच्या ताटातलं उचलून खात, मोठ्यानं हसत, मोठ्यानं मागत. इतक्या वर्षांत तिला या घराची रीत समजली होती, पण अंगवळणी पडली नव्हती. “ताई,” तिनं सरळ विचारलं, “तुम्हाला ही गाडी हवी आहे का?”

बाहेर वाऱ्यानं पत्रा वाजला. काका टपाची शिवण बघू लागले. आईनं पदर सावरला. असा प्रश्न या गॅरेजात आजवर कुणी विचारला नव्हता. कसा विचारतात तेच कुणाला माहीत नव्हतं. मग उत्तर कसं देतात ते कुठून ठाऊक असणार?

थोरलीला दादांची शेवटची खोली आठवली. पलंगाशी ती उभी होती, धाकटा पायाशी. गाडी धाकट्याची, दादा म्हणाले होते. आणि ती म्हणाली होती, “तिचा गिअरबॉक्स असाही कुरकुरतो.” दादांनी तिच्याकडे बघितलं होतं. ही बोली ज्यांनी तिला शिकवली, त्यांना ती त्या दिवशी कळली नाही. की कळली होती आणि थकव्यानं त्यांनी डोळे मिटले, हे तिला आजवर ठरवता आलं नव्हतं. वर्षभर ती या इंजिनाशी एकटी होती. पाना हातात घेतला की हा प्रश्न पुन्हा सुरू.

“मला?” ती म्हणाली. “नाही बाई. मला काय करायची? दोन माणसांची गाडी. डिकीत एक धड पेटी मावत नाही. उन्हाळ्यात आत भट्टी आणि पावसात पाय ओले.”

बोलून झाल्यावर तिला ते ऐकू आलं.

काकांना ऐकू आलं. आईनंही ऐकलं आणि मान खाली घातली. धाकटा तर हसला, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. “झालं,” तो म्हणाला. “चार खोटी काढल्यास. चार. माझ्या लग्नाच्या वेळी मी एकच काढली होती.” तो भावजयीकडे वळला. “बघ, आता मी काय समजायचं? गाडी हवी आहे. हवी आहे म्हणून राहू द्यायची आहे. राहू द्यायची आहे म्हणून गळती आहे.”

“गळती आहे म्हणून आहे.”

“मला वाटतं, पोरी,” काका हळूच म्हणाले, “जाऊ दे त्याला. दादांची इच्छा. मागून मी आणि तू जाऊन एकदा बघून येऊ गाडी. तशीही त्या टपाची डावी बाजू मी जरा घाईत शिवलेली.”

म्हणजे काकांनाही जायचं होतं. थोरलीला एकदम सगळ्यांचा कंटाळा आला, स्वतःचा सर्वांत जास्त. कुणीच खोटं बोलत नव्हतं आणि एकही शब्द खरा नव्हता. या सगळ्या लटक्या खोटींच्या ढिगात तिची एक खरी खोट, बोटभर लांबीची, लोखंडातली, कुठल्या कुठे गडप झाली होती.

“चल आई,” धाकटा म्हणाला.

त्यानं दार उघडलं. आईनं आधी बसकण घेतली, मग एकेक पाय उचलून आत घेतला. गाडीच एवढी खाली, की ती जमिनीत उतरतेय असं वाटलं. भावजय तिच्या पायांवर शाल पसरत होती, टोचणारी. काकांनी टप ओढून घेतला, कडा खटाखट बसवल्या. काय घट्ट शिवला होता त्यांनी. एक सूतभर वारा आत जाणार नाही. धाकट्यानं बॉनेट आपटून बंद केलं. आपटायचं नसतं. ते हलकेच सोडायचं आणि तळव्यानं दाबायचं.  पण थोरली हे बोलली असती तर तीही खोटच झाली असती.

भावजय तिच्याजवळून स्वतःच्या गाडीकडे जाताना थांबली. “मी मागेच असेन, ताई. दर थोड्या वेळानं त्यांना थांबवेन, काचा उघडायला लावेन.” तिनं थोरलीचा काळा हात धरला. “पण गाडी हवी का विचारलं, तर तुम्ही मला नाही म्हणालात. मग मी कशाच्या जोरावर भांडू?”

धाकट्यानं किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात उठली. गरम होती ना. गोड गुरगुरत, एकही टिक न करता. अशी गाडी घेऊन कुणीही निघालं असतं. आत आईचं डोकं सीटच्या पाठीला टेकलं, आणि अजून गॅरेजाचा उंबराही ओलांडला नव्हता तोच तिचे डोळे मिटू लागले.

थोरली चालत गाडीच्या पुढे आली आणि दारात उभी राहिली. लांब हिरवं नाक तिच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर थांबलं.

धाकट्यानं काच खाली केली. “बाजूला हो.”

“इंजिन बंद कर.”

“ताई, पुरे आता.”

“बंद कर. मला ओरडून नाही बोलायचं.”

त्यानं किल्ली फिरवली. गुरगुर थांबली आणि गॅरेजात एवढी शांतता झाली की काकांच्या श्वासाचा आवाज आला. आईनं डोळे उघडले. थोरलीला वाटलं, जीभ टाळ्याला चिकटली आहे. गंजलेला नट असाच असतो, पहिली पाव फेरी कशालाच दाद देत नाही.

“मघाशी हिनं विचारलं,” ती म्हणाली, “तेव्हा मी खोटं बोलले.”

“कशाबद्दल? गळतीबद्दल?”

“गळती खरी आहे. मी दादांची मुलगी आहे, पण ही गळती दादांची नाही. उद्या गार झाल्यावर तुला बुडबुडे दिसले नाहीत तर घेऊन जा, मी आडवी येणार नाही.” तिला श्वास घ्यावा लागला. “आणि तिच्यात काही खोट नाही. गिअरबॉक्स कुरकुरत नाही. डिकी बास होते. पावसात पाय ओले होतात, ते मला आवडतं. मला ही गाडी हवी आहे रे. पहिल्यापासून हवी होती. दादांना बोलले नाही, तुला बोलले नाही. मला हवी आहे.”